भिंतीबाहेरची जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

“थांब जरा, चपलेत खडा गेलाय.”

लहानपणी आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला निघालो की आई दर वेळी हे वाक्य म्हणायची. दफनभूमीचं फाटक दिसायला लागलं की उत्तरेच्या भिंतीशी थांबायची. एक हात भिंतीला टेकवायची, दुसऱ्याने चप्पल चाचपायची. तिचे ओठ हलत असायचे. खडा मी कधीच पाहिला नाही. त्या रस्त्याला खडे फार, असं धरून मी फुलं सांभाळत पुढे पळायचे.

आज कळलं की खडा नव्हताच.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मूत्रपिंडं आता साथ देणार नाहीत, या वयात यंत्राला जोडून तिचे हाल करू नका, घरी न्या, असं म्हणाल्या. मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली. घरी आणलं, पाठीशी उशा लावल्या. अर्धा कप चहा पिऊन आई म्हणाली, “पंडितीण, एक काम आहे.” मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हापासून तिने मला हे नाव ठेवलंय. लाडात आली तरी पंडितीण, चिडली तरी पंडितीण.

“सांग ना.”

“मला आत पुरू नका. उत्तरेच्या भिंतीबाहेर पुरा. तुझा भाऊ आहे तिथे.”

“काहीतरीच काय! दादा तर काल फोनवर...”

“दादाच्या आधीचा.”

पुढे तिने मोजकंच सांगितलं. पहिला मुलगा. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला. तेव्हाच्या फादरांनी आत घेऊ दिला नाही. बाबांनी आणि शेजारच्या माणसाने भिंतीबाहेर पुरला. मग कप माझ्यापुढे धरून म्हणाली, “गार झाला. ओत.”

वयाची शेहेचाळीस वर्षं मी दोन भावंडांतली धाकटी होते. आज तीन भावंडांतली धाकटी झाले. चहा मोरीत ओतला आणि कप दोनदा विसळला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वर्गात ‘चर्च आणि पाश्चात्त्य संस्कृती’चा चौथा धडा होता. माझा सगळ्यात आवडता. मृतांचा.

मी दर वर्षी त्याच तोऱ्यात सांगते. जुने रोमन मेलेल्यांना शहराच्या वेशीबाहेर पुरत. मृत माणूस म्हणजे विटाळ, जिवंतांच्या शहरात त्याला जागा नाही. मग ख्रिस्ती आले. त्यांनी आपल्या हुतात्म्यांच्या हाडांवर वेद्या बांधल्या, आणि त्या वेद्यांच्या आसपास आपले बाप, आपल्या आया पुरल्या. हळूहळू मेलेले शहरात आले, चर्चच्या अंगणात आले, फरशीखाली आले. रविवारी प्रार्थनेला जाणारा माणूस आजोबांच्या अंगावरून चालत जायचा. जगाला रुग्णालयं दिली, विद्यापीठं दिली, घंटेवर चालणारा दिवस दिला, हे सगळं खरं. पण मला विचाराल तर चर्चने केलेली सगळ्यात कोवळी गोष्ट ही. आम्ही मेलेल्यांना आत आणलं.

हे वाक्य म्हणताना दर वर्षी माझा आवाज जरा भरून येतो. मला ते आवडतं, विद्यार्थ्यांनाही ते ठाऊक आहे. आज आवाज भरून आला नाही.

पहिल्या बाकावरची मुलगी, जिचा हात कायम वर असतो, म्हणाली, “सगळ्यांना आणलं, मॅडम?”

“जवळजवळ सगळ्यांना.”

“मग उरलेले कुठे गेले?”

मी म्हटलं, ते पुढच्या धड्यात. पुढच्या धड्यात ते नाहीत. तो विद्यापीठांचा आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चमधली सकाळची मिस्सा संपल्यावर भिंतीच्या मागे गेले. इतक्या वर्षांत कधी गेले नव्हते. लांबट चिंचोळा पट्टा आहे. चर्चला येणारे तिथे गाड्या लावतात. कोपऱ्यात सुकलेल्या पुष्पचक्रांचा ढीग, तारा आणि रिबिनी. आतल्या मृतांची फुलं कोमेजली की भिंतीवरून इकडे फेकतात. म्हणजे भावाला फुलं मिळत आली आहेत. शिळी, पण मिळत आली.

एका गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. “ताई, बाजूला होता का? रिव्हर्स घ्यायचीय.”

मी बाजूला झाले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आईला दुपारी जरा हुशारी वाटते. आज उशीला टेकून तिने माझीच परीक्षा घेतली.

“तुमच्यात त्या पोरांना काय म्हणतात? कुठे जातात ती?”

मला बोलायला बळ आलं, कारण हा माझा विषय. म्हटलं, फार जुन्या काळी एका थोर आचार्यांनी कडक मत मांडलं होतं की बाप्तिस्म्याविना गेलेली बाळंही शिक्षेतच, फक्त ती शिक्षा सगळ्यात सौम्य. पुढच्या पंडितांना ते बघवेना. त्यांनी ‘लिंबो’ नावाची जागा कल्पिली. तिथे दुःख नाही, आग नाही. बाळं तिथे सुखात असतात. एवढंच की त्यांना देवाचं दर्शन होत नाही.

“आणि आयांचं?”

“काय?”

“आयांचं दर्शन होतं का?”

ते कुठे लिहिलेलं नाही. मी घाईने पुढे सरकले. सांगितलं की लिंबो हा काही श्रद्धेचा सिद्धान्त नव्हताच, केवळ एक मत होतं; आता तर रोमनेच नेमलेल्या विद्वानांनी म्हटलंय की ही बाळं देवाजवळ पोचतात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत.

“आशा आहे म्हणजे माहीत नाही.”

“तसं नाही गं आई...”

“तसंच. डॉक्टरीणबाईही तुला तेच म्हणाल्या असतील. आशा आहे.” मग हसली. “तोंड का पाडलंस? शिकवतेस छान.”

आईला माझ्या विषयात गोडी आहे, याचं मला नेहमी अप्रूप वाटत आलंय. मी पेपर तपासत बसले की शेजारी येऊन विचारायची, “काही नवीन निघालं का रोमहून?” मैत्रिणींच्या आया मुलींच्या लग्नाचं विचारायच्या, माझी आई पोपच्या फर्मानाचं. मुळात ही गोडी लागली ती मी धर्मशिक्षणात पहिला नंबर काढला तेव्हा. आठ-नऊ वर्षांची होते. घरी आले ती स्टुलावर उभी राहिले आणि बक्षिसाची प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवली. बाप्तिस्मा कोण देऊ शकतो? धर्मगुरू. आणि जिवाला धोका असेल तर? कोणीही. बाई, पुरुष, परका, अगदी बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा; पाणी ओतावं आणि शब्द म्हणावेत. आई भांडी घासत होती. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, “पुन्हा म्हण.” मी पुन्हा म्हटलं. “परत एकदा.” तीनदा म्हणायला लावलं. तिचे हात तसेच पाण्यात. माझं इतकं कौतुक तिने पुढे पीएच.डी.लाही केलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मावशी आली. आल्या आल्या पडदे उघडले, खिडकीतली धूळ काढली, मला म्हणाली, “तुझ्या घराला बाईमाणसाचा हात लागलेला दिसत नाही.” आईला म्हणाली, “तायडे, मरायला निघालीस तर नीट केस तरी विंचर.” आई खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

आई झोपल्यावर स्वयंपाकघरात मी मावशीला विचारलं. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची, बहिणीच्या बाळंतपणाला मदत करायला आलेली. जे सांगितलं ते जमेल तसं लिहून ठेवते.

बाळ दिवसांआधी आलं. पण मेलेलं नव्हतं. रडलं नाही, श्वास घेत होतं. सुईण म्हणाली, हे टिकणार नाही, फादरांना बोलवा. बाबा सायकल काढून सुटले. फादर दुसऱ्या गावच्या चर्चला गेले होते, तिकडे जावं लागलं. इकडे खोलीत आई, आजी, सुईण आणि मावशी.

“सगळ्या दाराकडे डोळे लावून बसलो होतो गं. आजी जपमाळ ओढत होती. सायकलची घंटा वाजते का ते ऐकत होतो. तुझ्या आईने बाळाला छातीशी घेतलेलं आणि त्याला म्हणत होती, थांब हं, थांब, येतायत. चांगला तासभर थांबलं ते. शहाणं होतं.”

“आणि पाणी?” मी विचारलं.

“पाण्याला काय तोटा? सुईणीने तापवलेलं बादलीभर पाणी होतं की पायाशी. त्याला पुसायला.” मग ती थांबली. तिच्या हातातलं फडकं थांबलं. “का गं? पाण्याचं का विचारलंस?”

मी तिच्याकडे पाहिलं. सत्तरीची बाई, नवरा गेलेला, गुडघे गेलेले.

“सहज.”

“नाही, तू सहज विचारणारी नव्हेस. आम्ही काही करू शकलो असतो का?”

“नाही मावशी. तेव्हा धर्मगुरूच लागत.”

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. पुसलेलाच ओटा पुन्हा.

मी इतिहास शिकवते. आज पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचा इतिहास सांगितला. शेकडो वर्षांचा नियम आहे. सुईण देऊ शकत होती, आजी देऊ शकत होती, पंधरा वर्षांची मावशी देऊ शकत होती, आई स्वतः देऊ शकत होती. बादली पायाशी होती. धर्मगुरूंचा इतका मान ठेवणारी ती माणसं, की स्वतःच्या हाताला देवाने मुभा दिली असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. आदरापायी गेलं ते. पाणी नव्हतं म्हणून नाही, नियम नव्हता म्हणून नाही. कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

आईला हे कधीही कळता कामा नये.

शनिवार, २२ फेब्रुवारी

धाकट्या फादरांकडे गेले. ते धाकटेच आहेत, माझ्याहून दहाएक वर्षांनी. टेबलावर कागदांचा पसारा, भिंतीवर गळतीचा डाग. चांगला माणूस आहे. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

म्हणाले, “मॅडम, आज हे झालं असतं तर मी स्वतः त्या बाळाला आत नेलं असतं. आता त्यासाठी प्रार्थनाविधी आहे. मी तो पट्टा आशीर्वादित करायला तयार आहे, उद्या म्हणाल तर उद्या.”

“आणि आईला तिथे?”

“ती जागा दफनासाठी नोंदलेली नाही. नगरपालिका परवानगी देणार नाही. आणि दफनभूमी समिती... तुम्ही किल्लीवाल्यांशी बोललात का?”

फादर परवा घरी येऊन आईला भेटतो म्हणाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फादर आले. आईने नवी ओढणी डोक्यावर घेतली. त्यांनी तिच्या कपाळाला आजाऱ्यांचं पवित्र तेल लावलं, परमप्रसाद दिला. मग खुर्ची ओढून हात हातात घेऊन म्हणाले, “आई, तेव्हा जे झालं ते चुकलं. चर्चही शिकतं. हळूहळू शिकतं.”

“हळूहळू शिकणाऱ्या पोरांना माझी लेक नापास करते,” आई म्हणाली.

फादर हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी दुसरा तोडगा काढला. बाहेरची मूठभर माती आणू, आशीर्वाद देऊ, तुमच्या पेटीत ठेवू. मलाही तो फार सुंदर वाटला. मी तर उठून पिशवी शोधायलाच निघाले होते.

“कुठली माती आणाल?” आईने विचारलं. “त्याची जागा कोणाला माहीत आहे? ज्यांनी पुरलं ते दोघेही गेले. तिथे एकटा तो नाही, फादर. दुसऱ्या कोणाचं तरी पोर आणाल आणि त्याच्या आईपासून तोडाल.”

मी परत येऊन पलंगाच्या कडेला बसले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

किल्लीवाले म्हणजे समितीचे अध्यक्ष. फाटकाची किल्ली कायम कमरेला, लग्नाच्या सुटातही. हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्यांच्या खोक्यांआड बसले होते.

“मॅडम, लोक आत जागा मिळावी म्हणून माझ्याशी भांडतात. आणि तुम्ही बाहेर मागता? तुमच्या आईने असं काय केलंय?”

“काही केलेलं नाही.”

“तेच तर! उद्या लोक म्हणतील, हिला बाहेर का टाकली? तुमचं नाक कापलं जाईल आणि बोट माझ्याकडे दाखवतील.”

मी म्हटलं, मग निदान आत, पण उत्तरेच्या भिंतीला लागून द्या.

“ती ओळ भरली. नवीन जागा दक्षिणेला, झाडांच्या बाजूला. छान सावली आहे.” एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी स्क्रू मोजून दिले. मग माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाले, “माझा काका आहे त्या बाजूला. गळफास घेतला होता. आजी मरेपर्यंत त्या भिंतीकडे तोंड करून बसायची. एकाला परवानगी दिली ना मॅडम, की अर्धं गाव उठेल बाहेर जायला. मग आत कोण राहील?”

मला राग यायला हवा होता. आला नाही. हेच मला सोसवत नाही. या सगळ्या गोष्टीत मला दुष्ट माणूस सापडत नाही. तेव्हाचे फादर नियमाला धरून वागले, आणि आजी सांगायची की ते त्या दिवशी जेवले नव्हते, असं मावशी म्हणते. ज्या पंडितांनी लिंबो कल्पिला त्यांनी तो दयेने कल्पिला. आगीतून बाळं बाहेर काढायची होती त्यांना. काढली, आणि कुठे ठेवावीत ते न सुचून दाराबाहेर ठेवली. दयेने बांधलेली भिंत पाडायची कशी? क्रूर माणसाने बांधली असती तर धडका मारता आल्या असत्या.

सोमवार, ३ मार्च

आज वर्गात तमाशा झाला. नेमलेला धडा सोडून मी उरलेल्यांचा धडा घेतला. पहिल्या बाकाला शब्द दिला होता ना.

सांगितलं की युरोपात काही देवस्थानं अशी होती जिथे आईबाप मेलेली बाळं घेऊन जात. बर्फातून, डोंगर ओलांडून, टोपलीत घालून. वेदीपुढे ठेवत, भोवती निखारे आणि मेणबत्त्या लावत, बाळाच्या ओठांवर पीस ठेवत. उष्णतेने पीस जरा हललं, गालावर जरा रंग आला, की ओरडत, श्वास घेतला! त्या एका क्षणात पाणी ओतत, घंटा वाजवत. मग पोर लगेच पुन्हा ‘मरे’, आणि त्याला आत पुरत.

मागच्या बाकांवर हशा पिकला. कोणीतरी गाल फुगवून पीस उडवल्याची नक्कल केली. एरवी ही गोष्ट दुसऱ्या एका धड्यात ओझरती येते, तेव्हाही दर वर्षी हसतात. खरं तर मीच हसवते; ‘श्रद्धा आणि अंधश्रद्धा’ असं त्या भागाचं नाव मीच ठेवलंय.

आज मी टेबलावर हात आपटला. “हसताय काय? बर्फातून चालत जायचे ते. रोमने बंदी घातली तरी जायचे. का जायचे? मूर्ख होते म्हणून?” नक्कल करणाऱ्याने मान खाली घातली. “त्यांना पोराला नुसतं आत घ्यायचं होतं.”

माझा श्वास चढला होता. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, माझ्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. पाणी बघून मला आणखीच रडू आलं. वर्ग सोडून दिला.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, रजा घ्या. घेतली.

बुधवार, ५ मार्च

राखेचा बुधवार. फादरांनी घरी येऊन आईच्या कपाळाला राख लावली आणि नेहमीचे शब्द म्हटले, की माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील.

ते गेल्यावर आई म्हणाली, “कुठल्या मातीला, ते नाही म्हणाले.”

मला हसूही आलं आणि वाटलं, आता सांगून टाकावं की नगरपालिकेने नाही म्हटलं, समितीने नाही म्हटलं, बिशपांच्या कार्यालयातून आलेलं उत्तर अतिशय सौजन्याचं होतं आणि तेही नाहीच होतं. तिने विचारलं नाही. माझ्या तोंडावर वाचलं असणार.

त्याऐवजी मी तिला एक गोष्ट सांगितली. उत्खननात सापडलंय की फार जुन्या काळी काही गावांत लोक अशी बाळं चर्चच्या भिंतीला अगदी खेटून, पागोळ्यांखाली पुरत. का, ते नक्की ठाऊक नाही. पण काही अभ्यासकांना वाटतं की चर्चच्या छपरावरून ओघळलेलं पाणी बाळांवर पडावं, आणि बाप्तिस्म्यासारखं काही तरी होत राहावं, म्हणून.

ती डोळे मिटून ऐकत होती. मग विचारलं, “आपल्या भिंतीचं पाणी कुठल्या बाजूला पडतं?”

मला माहीत नव्हतं. तिने मान तिकडे वळवली. “एवढी शिकलीस,” ती म्हणाली. रागाने नाही, थकून.

रविवार, ९ मार्च

बोलणं तुटक झालंय. मध्येच स्वच्छ बोलते, मध्येच भरकटते. आज सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, “मावशीला खोटं सांगितलंस ना? पाण्याचं.”

“तुला कोणी सांगितलं?”

“ती काल सांगत होती. म्हणे, पंडितीण म्हणाली तेव्हा धर्मगुरूच लागत. चांगलं केलंस. तिला झोप लागू दे.”

“आई, तुला माहीत होतं? केव्हापासून?”

“खूप वर्षं झाली.”

“कोणी सांगितलं?”

“सांगणारं लहान होतं,” ती म्हणाली. “स्टुलावर उभं होतं. त्याला काय कळतंय.” मग माझा गाल चाचपला, जसा आंधळं माणूस चाचपतं. “छान म्हणत होतं. एकही शब्द चुकला नाही.”

औषधाची गुंगी आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की असंबद्ध बोलतील. बाळाबद्दल बोलत असावी. पण बाळ स्टुलावर कसं उभं राहील? मी चादर सारखी केली. दुपारभर दुसरं काम सुचलं नाही म्हणून मी घरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

बुधवार, १२ मार्च

आई गेली. सकाळी, उजेडात. मावशी केस विंचरत होती आणि दादा नुकताच येऊन बॅग ठेवत होता. मी तिचा हात धरला होता. शेवटी ती कुणाला तरी म्हणाली, “थांब हं.” मावशी तिथेच खाली बसली.

दादाला मी सगळं सांगितलं. त्याने बॅगेची चेन उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाला, “म्हणजे मी थोरला नाहीच.” आणि लहान मुलासारखा रडला.

किल्लीवाले स्वतः आले, टोपी हातात धरून. दक्षिणेकडची चांगली जागा दिली आहे, म्हणाले. झाडाखाली. उत्तरेच्या भिंतीपासून जितकं लांब असता येईल तितकी लांब.

मी कोणाशीही भांडले नाही. दगडावर डोकं आपटून काय होतं, डोकंच फुटतं.

गुरुवार, १३ मार्च

दुपारी दफन आहे. आता जाऊन फादरांना भेटणार आहे. ते काय म्हणतील ते मला आधीच माहीत आहे: मॅडम, विधीचे शब्द माझे नाहीत, बदलायचा मला अधिकार नाही, तुमच्यासारख्या जाणकार बाईने हे विचारू नये. बरोबरच म्हणतील. मीच वर्गात शिकवते की ते शब्द शतकानुशतकं कुठल्याही माणसाच्या लहरीवर सोडले गेले नाहीत, म्हणून टिकले. आयुष्यभर मला त्या टिकण्याचा अभिमान होता. आज त्याच भिंतीशी मला उभं राहायचं आहे.

मागायचं आहे ते फार थोडं आहे. ऐन वेळी जीभ अडखळेल, म्हणून इथे लिहून नेते.

फादर, पेटी चर्चमधून उचलली की तुम्ही देवदूतांना सांगता, हिला स्वर्गात घेऊन जा, हुतात्मे हिच्या स्वागताला येवोत, हिला पवित्र नगरीत पोचवा. बाकी सगळं म्हणा. तिच्या पापांची क्षमा मागा, पाणी शिंपडा, माती टाका, दक्षिणेच्या झाडाखाली टाका, माझी तक्रार नाही. फक्त तेवढ्या एका जागी देवदूतांना नगरीचं नाव सांगू नका. तिला कधीच आत जायचं नव्हतं. त्यांना म्हणा, हिला हिच्या मुलाकडे घेऊन जा. तो कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. नेणाऱ्यांना माहीत असेल.